गप्प राहिलो तर होकार धरतील

शक्तिपीठ महामार्गाला विरोध आहे तो कोल्हापूर-सांगलीकडचा. मराठवाड्यात कुणाची फारशी तक्रार नाही. सरकारच्या बाजूनं हे इतक्या वेळा बोललं गेलं आहे की मुंबईत आता ते खरंच धरलं जातं. अर्धापूरच्या केळीच्या बागेत उभं राहून हे ऐकलं की संताप येतो. हदगावात, अर्धापुरात, लातूर तालुक्यात शेतकऱ्यांनी निवेदनं दिली, मोजणीला आलेल्या पथकांना परत पाठवलं. १ जुलै २०२५ ला, कृषी दिनाच्याच दिवशी, बाधित जिल्ह्यांमध्ये रास्ता रोको झाला. तरीही विरोध नाही म्हणतात. याचा अर्थ एवढाच की आपला विरोध गावागावांत विखुरलेला राहिला. तो कागदावर पुरेसा उमटला नाही आणि आपल्या शहरांनी तो आपला मानला नाही. हा लेख ते बदलण्यासाठी आहे.

आधी रस्ता काय आहे ते पाहू. मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तो जाहीर झाला. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, सहा पदरी, सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्ह्यांतून. विदर्भातून येऊन हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव असा आपला मराठवाडा आडवा कापत तो सोलापूरकडे उतरतो. खर्चाचा अंदाज सुमारे ८६ हजार कोटी रुपये. म्हणजे एका किलोमीटरला शंभर कोटींच्या वर. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळानं आखणी आणि भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींच्या तरतुदीला मंजुरी दिली. त्या वेळी साडेसात हजार हेक्टरांच्या आसपास जमीन लागेल असं सांगितलं गेलं. भागाकार करून पाहा. दर किलोमीटरला तेवीस एकर. आपल्याकडे तेवीस एकरांत सात-आठ कुटुंबं जगतात, आणि बागायत असेल तर त्यांच्यावर अवलंबून आणखी कितीतरी.

बागायत असेल तर. सगळा प्रश्न इथं आहे.

अर्धापूर आणि हदगावची आजची हिरवी शेती निसर्गानं आयती दिलेली नाही. पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं, मग कालवे आले, मग वितरिका, मग चाऱ्या. त्याही पुढं कित्येक वर्षं शेवटच्या टोकाला पाणी पोचवण्यासाठी भांडणं झाली. बापानं कर्ज काढून विहीर खणली, लेकानं ठिबक आणलं, सुनेनं दागिने मोडून लोखंडी पाइप काढून प्लास्टिकची पाइपलाइन टाकली. जिरायताची बागायत व्हायला इथं एक अख्खी पिढी लागली आहे. त्या पिढीनं ज्वारी-कापसावरून केळी-हळदीपर्यंतचा प्रवास केला, म्हणून आज अर्धापूरच्या केळीचे ट्रक थेट उत्तरेत जातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र नांदेडात आहे ते उगाच नाही.

केळीचं गणित रोपांच्या मोजणीत मावत नाही. लागवड केल्यापासून घड हाती यायला वर्षभर जातं. मग खोडव्यावर दुसरं पीक निघतं, तेव्हा कुठं लागवडीचा खर्च अंगावरून उतरतो. घड कापणारी टोळी असते, ते डोक्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या बाया-माणसं असतात, गाडी भरणारे, पानं-कागद लावणारे, व्यापाऱ्याचा मुनीम, पिकवण केंद्रातले कामगार, चहाच्या टपऱ्या. या माणसांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. मोबदल्याचा धनादेश ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतो. बटाईनं करणारा, सालानं राहणारा, रोजंदारीवर घड वाहणारी, यांचं नुकसान मोजायला मोजणीच्या पथकाकडे रकानाच नसतो.

आणि जमीन कधी सरळ, बांधाला धरून जात नाही. नकाशावरची रेघ तिरपी येते. एका गटाचा मधला भाग जातो, दोन्ही बाजूंना त्रिकोणी तुकडे उरतात. विहीर अलीकडे, शेत पलीकडे. हा द्रुतगती मार्ग असणार, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला. त्यावर बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. पलीकडच्या तुकड्याला जायचं तर भुयारी मार्ग कुठं दिला आहे ते शोधत फिरायचं. उरलेला तुकडा कुणी विकत घेत नाही आणि कसायलाही परवडत नाही. संपादन झालेल्या क्षेत्राच्या आकड्यात हे तुकडे येत नाहीत, नुकसानीच्या हिशेबात मात्र ते यायला हवेत.

इथं एक तुलना करावीशी वाटते. शेतातून गॅसची किंवा तेलाची पाइपलाइन नेतात तेव्हा १९६२ चा एक वेगळा केंद्रीय कायदा लागतो. त्यात कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. वर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, मोठी झाडं लावता येत नाहीत, आणि बाजारभावाच्या दहा टक्के एवढाच मोबदला मिळतो, तो फारच कमी आहे. त्यावरही देशभर भांडणं आहेत. पण नळी गाडून झाली की वरून नांगर फिरतो. महामार्गाखाली गेलेली काळी मात्र कायमची गेली. मग ती घेण्याआधी पाइपलाइनपेक्षा कितीतरी जास्त चौकशी व्हायला हवी की नको? प्रत्यक्षात तशी चौकशी होत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात, बहुपिकी ओलिताची जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम आहे, कलम १०. अन्नसुरक्षेसाठी घातलेलं. पण त्याच कलमाच्या शेवटी सूट आहे: रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना हे लागू नाही. म्हणजे कारखान्यासाठी तुमची ओलिताची पन्नास एकर घ्यायची तर सरकारनं दहा वेळा विचार करायचा, आणि रस्त्यासाठी हजारो एकर घ्यायची तर एकदाही नाही. वर शक्तिपीठासाठी जमीन घेतली जाते आहे ती १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली. त्यामुळे २०१३ च्या कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास, ज्यात गावात येऊन लोकांसमोर नुकसान मोजायचं असतं, तो टप्पाच गाळला जातो. हे बेकायदा नाही. पण सार्वजनिक हिताच्या नावानं जमीन घ्यायची आणि ज्या लोकांची ती आहे त्यांना विचारायचा टप्पा वगळायचा, हे कायद्यात बसलं तरी न्यायात बसत नाही.

रस्ता हवा की नको, असा हा वाद नाही. मराठवाड्याला रस्ते हवेत, आमच्याइतकं कुणाला ते कळणार? प्रश्न आहे तो हाच रस्ता, याच आखणीनं कशाला. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, महागाव, हदगाव, वारंगा फाटा, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्या चौपदरीकरणाला याच तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. माहूरहून निघालेला भाविक आजही त्याच वाटेनं तुळजापूरला पोचतो. हा रस्ता हवा तिथं रुंद करा, गावांना वळणरस्ते द्या, खड्डे बुजवा, अपघाताच्या जागा दुरुस्त करा. त्यातल्या कशालाच इतकी ओलिताची जमीन लागणार नाही. जालना-नांदेड हा समृद्धी महामार्गाला जोडणारा सुमारे १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्गही शक्तिपीठाचं काम असलेल्या रस्ते विकास महामंडळानंच हाती घेतला आहे आणि त्याच्या भूसंपादनाची भांडणं नांदेड-परभणीत अजून ताजी आहेत. एकाच जिल्ह्याला दोन-दोन द्रुतगती मार्ग, आणि रेल्वे? वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ साली मंजूर झाला. २८४ किलोमीटर. दिशा बघा, जवळपास तीच. त्यासाठीही शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला. नांदेडपर्यंत गाडी यायची आहे. पंधरा वर्षांहून जास्त वाट पाहायला लावणारी राज्यकर्ती मंडळी आता आठ तासांत गोव्याला नेण्याची घाई करतात, तेव्हा विचारावंसं वाटतं की अर्धापूरच्या कुणाला इतक्या तातडीनं गोव्याला जायचं आहे?

पैशाचंही बोललं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की कर्जमाफीची वाट पाहू नका, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. निवडणुकीतलं आश्वासन तेव्हा तिजोरीला झेपत नव्हतं. तीन महिन्यांत त्याच तिजोरीतून वीस हजार कोटींच्या भूसंपादनाला मंजुरी मिळाली, हुडकोकडून बारा हजार कोटींचं कर्ज काढून. खुद्द वित्त विभागानं कर्जाच्या बोज्याबद्दल सावध केलं होतं, हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. हे कर्ज टोलमधून फिटेल म्हणतात. फिटलं नाही तर ते राज्याच्या माथी, म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्याही माथी.

देवीच्या नावाबद्दल. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई यांना जोडणारा म्हणून हा शक्तिपीठ महामार्ग, आणि विरोध केला की तो देवीला विरोध, असं सुचवलं जातं. मराठवाड्यातल्या घरात हे सांगायला येऊ नये. आपल्याकडे घटस्थापनेला घटाभोवती शेतातली काळी माती आणून घालतात, तीत धान्य पेरतात. कोजागरीला लातूर-सोलापूरकडून लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात, नवरात्रात पोरं ज्योत घेऊन धावतात. या माणसांना रस्त्याकडेला सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालयं आणि तुळजापुरात मुक्कामाला जागा हवी असते. कुंपण घातलेल्या सहा पदरी रस्त्यावर पायी चालणाऱ्याला प्रवेशच नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यांत मोठा वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव परिसरात रातोरात पाणी शिरलं, माणसं आणि जनावरं दगावली. लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं होतं, त्याची किंमत त्या रात्री मोजली गेली. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, गोदावरी साऱ्याच नद्यांनी काठची शेतं खरवडून नेली. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात आता एका रात्रीत ओढे गावात येतात. अशा मुलखात शेकडो किलोमीटर लांब भराव उभा राहणार आहे. आपल्या जमिनीचा उतार, ओढे, नाले, जुने पाट हे त्या भरावाला कुठं कुठं आडवे येतात? मोऱ्या किती, किती रुंद, कोणत्या पावसाचा अंदाज धरून? २०२५ चा पाऊस त्यात धरला आहे का? भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं तर तिथल्या शेतांना आणि वस्त्यांना मोबदला कोण देणार? त्यांची तर एक गुंठाही जमीन संपादित झालेली नसेल. हे प्रश्न ज्यांची जमीन जात नाही त्यांचेही आहेत. प्रत्येक गावानं ते लेखी विचारावेत.

गावात काही जणांना रस्ता हवा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. समृद्धीच्या वेळी थेट खरेदीतून काहींना चांगली रक्कम मिळाली, ती त्यांनी पाहिली आहे. पाच एकर कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज, मुलीचं लग्न तोंडावर, अशा माणसाला रस्ता म्हणजे सुटका वाटली तर त्याला गद्दार म्हणू नका. त्याच्याशी बसून बोला. हातात आलेल्या पैशात तेवढीच, तसल्याच पाण्याची जमीन पंचक्रोशीत पुन्हा मिळेल का, एवढा एकच हिशेब त्याच्यासोबत मांडा. सोयाबीनला भाव नाही म्हणून शेती विकायला निघालेल्या माणसाचा राग सोयाबीनच्या भावावर आहे, आणि त्या लढाईतही आपण त्याच्यासोबत असलं पाहिजे.

कोल्हापूरचं उदाहरण समोर ठेवू. तिथं शेतकरी नेते राजू शेट्टी, काँग्रेसचे सतेज पाटील यांच्यासह सगळ्या रंगांचे लोक एका व्यासपीठावर आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत तिथल्या मंत्र्यांनीच नाराजी नोंदवली. आखणी बदलण्याची भाषा सुरू झाली. पंचगंगेकाठच्या उसाला जो न्याय, तो पैनगंगेच्या केळीला का नाही? आपल्याकडेही मंत्री आहेत, मुख्यमंत्री होऊन गेले आहेत, खासदार-आमदार आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी सभागृहात उभं राहून ही आखणी नांदेड-लातुरातून रद्द करा असं म्हटलं? पक्ष कुठलाही असो, प्रत्येकाला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी मागा. कुणी म्हणालं की आतून प्रयत्न चालू आहेत, तर बाहेरून सही करा म्हणावं.

मागणी साधी आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली सध्याची आखणी रद्द करा. वाहतूक वाढणारच असेल तर ३६१ क्रमांकाच्या महामार्गाचाच विस्तार तपासा आणि तो अभ्यास मराठीत जाहीर करा. वर्धा-नांदेड रेल्वे आधी पुरी करा. तोवर मोजणी नाही.

आता कामाला लागू.

ज्यांचे गट आखणीत आहेत त्यांनी आजच सातबारा काढून पाहावा. कित्येकांच्या बागायतीची नोंद अजून जिरायत म्हणूनच आहे, विहीर आहे पण उताऱ्यावर नाही, बोअर नाही, फळझाडं नाहीत. ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करा. जमीन वाचवायची असली तरी ती काय प्रतीची आहे याचा पुरावा आपल्याच हातात हवा. सरकार पडीक म्हणालं तर दाखवायचं काय? मोजणीची नोटीस आली तर ती घ्या, नाकारू नका, आणि मुदतीत प्रत्येक खातेदारानं स्वतंत्र हरकत द्या. गावानं मिळून एकच अर्ज दिला तर तो एकच अर्ज मोजला जातो. हरकतीत आपल्या शेताचं लिहा, भाषण लिहू नका: गट नंबर, पाण्याचा स्रोत, पीक, चारी कुठून येते, रस्ता झाला तर ती कुठं तुटते. कोऱ्या कागदावर, पंचनाम्यावर न वाचता सही नको.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या तारखांना भरतातच. त्यात विषयपत्रिकेवर विषय घ्या, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, प्रमाणित प्रत काढा. महामार्ग कायद्यापुढे असा ठराव बंधनकारक नाही हे मान्य, पण मराठवाड्यात विरोध नाही हे वाक्य न्यायालयात आणि विधानसभेत खोडायला दुसरा कागद नाही.

आणि सगळ्यांत नीट लक्षात ठेवण्याची गोष्ट जनसुनावणीची. पर्यावरण परवानगीच्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ जिल्ह्यात जनसुनावणी घेतं. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. सभागृहात चार माणसं आली तरी ती पार पडली असं धरलं जातं, आणि चौघं गप्प बसले तर तसंच लिहिलं जातं. म्हणून पेपरातली ती छोटी जाहिरात शोधणारा एक माणूस प्रत्येक गावात नेमा. सुनावणीला ट्रॅक्टर भरून जा. बोलण्याचा हक्क हजर असलेल्या प्रत्येकाला आहे, चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवावं लागतं. न वाचता उठू देऊ नका; चुकीचं लिहिलं असेल तर तिथंच हरकत नोंदवा.

नांदेडच्या नवा मोंढ्यातले आणि लातूरच्या मार्केट यार्डातले व्यापारी, अडते, हमाल, तुमचा धंदा याच शेतांवर उभा आहे. लातुरात शिकवणीला आलेल्या पोरांनो, तुमची फी बहुतेक वेळा सोयाबीन किंवा केळी विकून भरली गेली आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला गावाला तुमची मदत लागेल. आखणीचे नकाशे, वाहतुकीचा अभ्यास, पूर आणि निचऱ्याचा अहवाल, ३६१ चा विस्तार हा पर्याय तपासला होता का याची कागदपत्रं, एवढे चार अर्ज वकिलांनी आणि प्राध्यापकांनी मिळून महामंडळाकडे टाकले तरी पुढची निम्मी लढाई कागदावर येईल.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येते आहे. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानं बंद, सगळी माणसं शेतात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी-आंबील. यंदा कोप घालायची ती आखणीत सापडलेल्या गटात घालू. ज्यांचं स्वतःचं शेत उरलेलं नाही अशा शहरातल्या मित्रांना, पाहुण्यांना, पत्रकारांना, आमदार-खासदारांनाही जेवायला तिथंच बोलवा. अर्धापूर-हदगावकडच्यांनीही त्या दिवशी आपापल्या बागेत पंगत मांडावी. जेवणं झाली की वर्तुळ करून बसायचं, आपल्या शेतातून रेघ कुठून जाते ते प्रत्येकाला चालत दाखवायचं, आणि हरकतीच्या अर्जांवर सह्या-अंगठे घ्यायचे. एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक रस्ते विकास महामंडळाला, एक आमदारांना. प्रत्येक प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून पोच घ्यायची, आणि पोचेच्या प्रती गावात एकाच फाइलला लावून ठेवायच्या.